आग विझवणाऱ्या वायूत लोखंड कसे वितळते?

नववीच्या मुलांना घेऊन गावातल्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या दुकानात गेलात, तर कोपऱ्यात साखळीने बांधून उभा केलेला एक उंच सिलिंडर हमखास दिसेल. त्यातून निघालेली रबरी नळी एका खोक्याएवढ्या यंत्रात जाते. यंत्रातून निघालेल्या जाड केबलच्या टोकाला पिस्तुलासारखी टॉर्च असते. कारागीर तिचा घोडा दाबतो, तांब्याच्या नोझलमधून बारीक तार आपोआप पुढे सरकते आणि लखलखाट होऊन लोखंड जोडले जाते. सिलिंडरात काय आहे असे विचारले, तर उत्तर मिळते, ‘सीओटू’. दुकानात या साऱ्या प्रकारालाच ‘सीओटू वेल्डिंग’ म्हणतात.

इथे एखादा चौकस मुलगा विचारणारच : ‘सर, कार्बन डायऑक्साइड तर आग विझवतो. मग त्याच्यात लोखंड कसं वितळतं?’

प्रश्न भाबडा वाटला तरी फार चांगला आहे. त्याचे एक उत्तर सोपे आहे आणि दुसरे थोडे खोल. सोपे उत्तर असे : वेल्डिंगमधला लखलखाट म्हणजे आग नव्हेच. तिथे काहीही जळत नाही, म्हणून ऑक्सिजनची गरज नाही. तार आणि पत्रा यांच्यामधल्या चार-पाच मिलिमीटरच्या फटीतून वीज वाहते. तिच्यामुळे तिथल्या वायूचे रेणू फुटतात, अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि वायू स्वतःच विजेचा वाहक बनतो. हीच विद्युत् प्रज्योत, म्हणजे कारागिरांचा ‘आर्क’. त्यातले तापमान कित्येक हजार अंश असते. लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळते, तेव्हा त्याची काय कथा! विजेचा हिशेबही मुलांना करून दाखवता येईल. १२० अँपिअर आणि २० व्होल्ट म्हणजे २४०० वॉट. न्हाणीघरातला गीझर साधारण एवढीच शक्ती घेतो. पण गीझर ती पंधरा-वीस लिटर पाण्यात पसरवतो आणि आर्क ती नखाएवढ्या जागेत ओततो.

खोल उत्तर मात्र वेगळेच निघते. कार्बन डायऑक्साइड त्या तापमानाला आपल्या पाठ्यपुस्तकातला ‘ज्वलनास मदत न करणारा’ वायू राहत नाही. ते समजले, की कोणत्या कामाला कोणता वायू घ्यायचा आणि यंत्राच्या बटणांनी नेमके काय बदलते, हे दोन्ही उलगडते.

हवेचे काय वाकडे आहे?

आधी वायू लागतो कशाला ते पाहू. रॉडच्या जुन्या वेल्डिंगमध्ये सिलिंडर नसतो. तिथे रॉडवर राखी रंगाचा लेप असतो. तो जळून धूर आणि मळी तयार होते आणि या दोन्हींचे पांघरूण वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवते. मिग पद्धतीत तार उघडी असते. तीच विद्युत् अग्र आणि तीच भरणीचा धातू. म्हणून पांघरूण बाहेरून आणावे लागते.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन. ऑक्सिजन लोखंडाचे ऑक्साइड करतो, हे उघड आहे. खोड्या करतो तो मात्र एरवी गरीब समजला जाणारा नायट्रोजन. तप्त, वितळलेल्या लोखंडात तो बऱ्यापैकी विरघळतो. लोखंड गोठू लागले, की त्याची विद्राव्यता एकदम घटते. मग सुटलेला वायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू पाहतो आणि वरचा थर आधीच गोठला असेल तर आतच अडकतो. जोडात टाचणीने टोचल्यासारखी भोके पडतात. दुकानात त्याला ‘जाळी पडली’ म्हणतात.

वर्गात हेच दाखवायला वेल्डिंग नको. फ्रिजमधला बर्फाचा खडा आणा. कडेला तो काचेसारखा स्वच्छ असतो आणि मध्यभागी पांढुरका ढग असतो. पाण्यात विरघळलेल्या हवेला बर्फात जागा मिळत नाही. पाणी बाहेरून आत गोठत जाते आणि हवा मध्यभागी कोंडली जाते. खड्यातला तो ढग आणि जोडातली जाळी ही एकाच कारणाची दोन रूपे आहेत.

आळशी वायू आणि कामसू वायू

हवा नको, तर मग असा वायू घ्यावा जो कशाशीच संयोग पावत नाही. आवर्तसारणीच्या शेवटच्या रकान्याकडे बोट जाते. हवेतच ०.९३ टक्के आर्गॉन आहे. रॅले आणि रॅम्झी यांनी १८९४ साली तो शोधला आणि ग्रीक भाषेतल्या ‘आळशी’ या अर्थाच्या शब्दावरून त्याला नाव दिले. हवा द्रवरूप करून तिचे ऊर्ध्वपातन केले, की तो वेगळा करता येतो. पण त्याचा उत्कलनबिंदू उणे १८६ अंश आणि ऑक्सिजनचा उणे १८३ अंश. तीनच अंशांच्या फरकावर त्यांना अलग करायचे म्हणजे उंच मनोरे आणि खर्च आला.

१९४८ साली अमेरिकेतल्या बॅटेल संस्थेत ही पद्धत आकाराला आली, ती मुख्यतः ॲल्युमिनियमसारख्या धातूंसाठी. ‘मिग’ या नावातले शेवटचे दोन शब्द ‘निष्क्रिय वायू’ असेच आहेत. ॲल्युमिनियमच्या बाबतीत आजही दुसरा इलाज नाही. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण त्याच्या अंगावरचे ऑक्साइडचे कवच २०७२ अंशांना. त्यात आणखी ऑक्सिजनची भर पडली, तर जोड होणेच अशक्य. तिथे शुद्ध आर्गॉन हवा. ॲल्युमिनियमच्या भांड्याला कार्बन डायऑक्साइडवर टाका मारायला निघालेला कारागीर काळा, भुसभुशीत गोळा तयार करून थांबतो.

आता गंमत पाहा. साध्या लोखंडावर शुद्ध आर्गॉन वापरला, तर काम उत्तम व्हायला हवे. प्रत्यक्षात ते बिघडते. आर्क एका जागी थांबत नाही, पत्र्यावर इकडे-तिकडे भटकतो. जोड उंच आणि अरुंद होतो, त्याच्या दोन्ही कडांना खाचा पडतात. आर्क स्थिर राहायला पत्र्यातून इलेक्ट्रॉन सहज सुटावे लागतात आणि लोखंडाच्या पृष्ठभागावर थोडेफार ऑक्साइड असले तर ते अधिक सहज सुटतात. शुद्ध आर्गॉनमध्ये आर्क अशा ऑक्साइडच्या शोधात फिरत राहतो. शिवाय अंशभर ऑक्सिजनने वितळलेल्या लोखंडाचा पृष्ठताण कमी होतो आणि ते कडांपर्यंत नीट पसरते. म्हणून लोखंडासाठी आर्गॉनमध्ये १ ते ५ टक्के ऑक्सिजन किंवा त्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड मुद्दाम मिसळतात. ज्याला हाकलायला सिलिंडर आणला, त्यालाच चिमूटभर परत बोलवायचे! त्यामुळे लोखंडाच्या कामाला काटेकोर भाषेत ‘मिग’ न म्हणता ‘मॅग’ म्हणतात, म्हणजे सक्रिय वायूचे वेल्डिंग. बाजारात मात्र सगळे मिगच.

इतका ऑक्सिजन चालतो, तर नुसता कार्बन डायऑक्साइडच का नको? १९५३ साली सोव्हिएत रशियात ल्युबावस्की आणि नोवोशिलोव यांनी तो वापरून दाखवला आणि ही पद्धत लोखंडासाठी स्वस्त झाली. खताच्या कारखान्यांत अमोनिया करताना हा वायू निघतो, मळीपासून मद्यार्क करताना किण्वनातूनही निघतो. आर्गॉनपेक्षा तो कितीतरी स्वस्त पडतो.

पण फुकट काही मिळत नाही. आर्कच्या उष्णतेने कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू फुटून कार्बन मोनॉक्साइडचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू तयार होतो. म्हणजे आग विझवणारा वायू इथे चक्क ऑक्सिजन पुरवतो. मुलांना हे पटवायला एक जुना प्रयोग आहे. जळती मॅग्नेशियमची फीत चिमट्याने धरून कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या बरणीत सोडा. मेणबत्ती जिथे विझते तिथे मॅग्नेशियम जळतच राहते आणि बरणीच्या काचेवर काळे ठिपके उरतात. तो कार्बन. त्याचा ऑक्सिजन मॅग्नेशियमने ओढून घेतला. (फितीच्या ज्योतीकडे थेट पाहू देऊ नका.)

मग या ऑक्सिजनने जोडात जाळी का पडत नाही? त्याची तजवीज तारेतच केलेली असते. तारेच्या रिळावर ‘ईआर ७० एस-६’ असा शिक्का असतो. सत्तर हा आकडा जोडाची ताणशक्ती सांगतो, दर चौरस इंचाला सत्तर हजार पौंड. शेवटचा सहा तारेची घडण सांगतो : सुमारे १.४ ते १.८५ टक्के मँगनीज आणि ०.८ ते १.१५ टक्के सिलिकॉन. ही दोन मूलद्रव्ये ऑक्सिजनला लोखंडापेक्षा अधिक जोराने ओढतात. लोखंडाचे ऑक्साइड झाले, की सिलिकॉन ते हिरावून घेतो, लोखंड मोकळे होते आणि सिलिका वर तरंगते. काम झाल्यावर जोडाच्या पाठीवर तपकिरी, काचेसारखे पापुद्रे दिसतात ना? तेच हे मँगनीज आणि सिलिकॉन यांचे ऑक्साइड. मुले ते नखाने उडवतात. उडवू द्या, पण काय उडवले ते सांगा. क्षपणाचा धडा यापेक्षा स्वच्छ कुठे सापडणार!

स्टेनलेस स्टीलला मात्र नुसता कार्बन डायऑक्साइड नको. त्यातला कार्बन धातूत शिरतो, क्रोमियमला बांधून टाकतो आणि ज्या क्रोमियममुळे स्टील गंजत नाही, तेच कमी पडते. तिथे आर्गॉनमध्ये दोन टक्क्यांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड किंवा ऑक्सिजन वापरतात.

थेंब कसा सुटतो

वायूचे दुसरे काम कारागिराच्या हाताला जाणवते. वायू म्हणजे केवळ छत्री नव्हे, तर आर्क ज्यातून वाहतो तो रस्ताच आहे. रस्ता बदलला, की तारेच्या टोकाचा थेंब पत्र्यावर जाण्याची तऱ्हा बदलते.

कार्बन डायऑक्साइडचे रेणू फुटताना भरपूर उष्णता खातात. त्यामुळे आर्क आक्रसून थेंबाच्या तळाशी एका ठिपक्यात गोळा होतो आणि थेंबाला खालून वर ढकलतो. थेंब फुगत जातो, तारेच्या जाडीपेक्षा मोठा होतो, डुगडुगतो आणि शेवटी वेडावाकडा पडतो. पडताना शिंतोडे उडवतो. मग ग्राइंडर घेऊन ते घासत बसायचे. तोच फुटलेला वायू पत्र्याजवळ पुन्हा जोडला जातो आणि घेतलेली उष्णता तिथे परत देतो. म्हणून त्याचा जोड खोल आणि रुंद मुरतो. शिंतोडे हा दुर्गुण, तर मुरणे हा गुण.

आर्गॉन एकेका अणूचा वायू. तिथे फोडायला रेणूच नाही आणि त्याची उष्णतावाहकताही कमी. आर्क थेंबाला वरून खालपर्यंत कवेत घेतो. विद्युत् धारा पुरेशी वाढवली, तर धारेभोवतीचे चुंबकीय बल तारेच्या वितळलेल्या टोकाला आवळते. एकाच दिशेने जाणाऱ्या दोन विद्युत् धारा एकमेकींना ओढतात, हे दहावीच्या मुलांना ठाऊक असते. इथे एकाच तारेतली धारा स्वतःलाच आवळते. परिणामी तारेहून बारीक थेंब सेकंदाला शेकड्यांनी, सरळ रेषेत फवारले जातात. शिंतोडे जवळजवळ नाहीत, आवाज नुसता सूं सूं. यासाठी मिश्रणात आर्गॉन ८० टक्क्यांच्या वर हवा आणि १.२ मिलिमीटर तारेला सुमारे २२० ते २४० अँपिअर लागतात. त्याखाली कितीही आर्गॉन असला तरी फवारा होत नाही.

एवढी धारा पातळ पत्र्याला सोसत नाही, भोक पडते. त्यावर १९५० च्या दशकाच्या अखेरीस तोड निघाली. दाब कमी ठेवायचा, म्हणजे आर्क आखूड होतो. तारेचे टोक सरळ वितळलेल्या डबक्यात बुडते, क्षणभर आर्क विझतो, थेंब पृष्ठताणाने डबक्यात ओढला जातो, तार सुटते आणि आर्क पुन्हा पेटतो. सेकंदाला वीस ते दोनशे वेळा हे घडते. आपल्या गावातल्या दुकानात खिडक्या, फाटके, शाळेची बाके यांवर जे काम चालते ते बहुतेक याच प्रकारचे. कार्बन डायऑक्साइडमध्येही ते छान जमते. ७५ किंवा ८० टक्के आर्गॉनचे मिश्रण घेतले तर शिंतोडे आणखी कमी होतात आणि पातळ पत्रा जळण्याची भीतीही कमी होते.

दोन बटणे

यंत्रावर मुख्य बटणे दोनच असतात. एक तारेच्या वेगाचे, दुसरे व्होल्टचे. गोंधळ होतो तो इथे, कारण अँपिअरचे वेगळे बटण नसते. तार जितकी वेगाने येईल, तितकी ती वितळवायला धारा लागते आणि यंत्र ती आपण होऊन पुरवते. म्हणजे तारेचा वेग हाच अँपिअरचा नळ आहे. व्होल्ट आर्कची लांबी ठरवतात.

यामागे एक सुंदर युक्ती आहे. हे यंत्र विभवांतर जवळजवळ स्थिर राखते. धारा शंभर अँपिअरने वाढली तरी ते दोन-तीन व्होल्टनीच उतरते. समजा, कारागिराचा हात थोडा वर गेला. आर्क लांबला, त्याचा रोध वाढला आणि धारा पडली. तार कमी वितळू लागली, पण येण्याचा वेग तोच. म्हणून टोक पुढे सरकून आर्क पुन्हा पूर्वीइतका झाला. हात खाली गेला तर याच्या उलट. पाण्याच्या टाकीतला तरंगता गोळा जे करतो, तेच हे. रॉडच्या वेल्डिंगमध्ये हे सांभाळणे हाताकडे असते. म्हणून तिथे हात बसायला महिने लागतात आणि इथे शिकाऊ पोरगाही आठवड्यात बऱ्यापैकी रेघ ओढतो. (अर्थात, रेघ दिसायला चांगली आली म्हणजे जोड चांगला झाला, असे नव्हे. ते पुढे येईल.)

आकडे कसे ठरवावेत? पाच-सहा मिलिमीटरपर्यंतच्या लोखंडाला दर मिलिमीटर जाडीमागे ४० अँपिअर, हा ठोकळ हिशेब. ०.८ मिलिमीटरच्या तारेला दर अँपिअरमागे मिनिटाला साधारण ५ सेंटिमीटर तार लागते. व्होल्टसाठी अँपिअरच्या विसाव्या भागात १४ मिळवावेत. शाळेच्या बाकाचा चौकोनी पाइप १.६ मिलिमीटरचा असेल, तर ६४ अँपिअर, मिनिटाला सव्वातीन मीटर तार आणि १७ व्होल्टच्या आसपास. तीन मिलिमीटरची पट्टी असेल, तर १२० अँपिअर, सहा मीटर तार आणि २० व्होल्ट. आर्गॉनचे मिश्रण असेल तर व्होल्ट एक-दोनने कमी ठेवावेत, कारण कार्बन डायऑक्साइडच्या आर्कला तेवढे जास्त लागतात. सिलिंडर बदलला आणि बटणे तशीच ठेवली की काम बिघडते, त्याचे कारण हे.

हे आकडे सुरुवातीचे. पुढचे काम कानाचे. भंगारातल्या तुकड्यावर रेघ ओढताना कढईत भजी तळल्यासारखा एकसारखा चर्रचर्र आवाज आला, तर जमले. तार टकटक आपटून टॉर्चला मागे ढकलत असेल आणि जोड दोरीसारखा नुसता वर बसत असेल, तर व्होल्ट कमी पडत आहेत किंवा तार फार वेगाने येत आहे. फसफस आवाज, मोठाले शिंतोडे, चपटा पसरट जोड आणि तार तांब्याच्या टिपेलाच चिकटणे ही व्होल्ट जास्त झाल्याची खूण. दोन्ही बटणे एकदम फिरवू नयेत. एक स्थिर ठेवून दुसरे थोडे थोडे हलवावे. एका वेळी एकच चल बदलायचा, हे आपण प्रयोगशाळेत सांगतो तेच.

टिपेपासून पत्र्यापर्यंत १० ते १२ मिलिमीटर अंतर ठेवावे. हात वीस मिलिमीटरवर गेला, तर बाहेर आलेल्या लांब तारेचा रोध वाढतो, ती वाटेतच तापते आणि कमी धारेत वितळते. जोड मोठा दिसतो, पण पत्र्यात मुरत नाही. वायूचे पांघरूणही विरळ होते.

पंखा, काटा आणि बर्फ

सिलिंडरच्या फ्लोमीटरवर मिनिटाला १० ते १५ लिटर हा बहुतेक कामांचा आकडा. जाळी पडली, की दुकानदार पहिल्यांदा वायू वाढवतो. कधीकधी त्याने जाळी आणखी वाढते! हिशेब करून पाहू. नोझलचे आतले तोंड १६ मिलिमीटरचे आहे. त्याचे क्षेत्रफळ दोन चौरस सेंटिमीटर. मिनिटाला १५ लिटर म्हणजे सेकंदाला २५० घन सेंटिमीटर. भागाकार केला, की वायूचा वेग सेकंदाला सव्वा मीटर निघतो, म्हणजे तासाला साडेचार किलोमीटर. आपण रमतगमत चालतो तो हा वेग. आर्गॉनसाठी यातून रेनॉल्ड्झ अंक सुमारे १५०० येतो, म्हणजे प्रवाह शांत, थराथरांचा. मिनिटाला २५ लिटर केले, तर तो अडीच हजारांवर जातो आणि प्रवाह खवळतो. खवळलेला प्रवाह कडेची हवा आत ओढून घेतो. नोझल काही लांब नळी नव्हे, त्यामुळे हा हिशेब अंदाजाचाच. तरी दिशा बरोबर आहे. वर्गात उदबत्ती लावा. धुराची रेघ काही अंतर सरळ जाते आणि मग एकाएकी विस्कटते. वायूचे तसेच.

बाहेरच्या वाऱ्याचाही हाच प्रश्न. ताशी आठ किलोमीटरपेक्षा जास्त वारा असेल तर अशा जोडकामाला आडोसा हवा, असा नियम अमेरिकेतल्या वेल्डिंगच्या संहितेत आहे. आता एप्रिल-मे महिन्यातले पत्र्याच्या छपराचे दुकान डोळ्यांसमोर आणा. कारागिराच्या पाठीशी उभा पंखा भरभरत असतो. तो बंद करा म्हणणे अमानुष आणि चालू ठेवला तर जोडात जाळी. पंख्याची हवा छातीवर यावी पण टॉर्चवर येऊ नये, यासाठी कामापुढे पत्र्याचा आडोसा उभा करणे, हा जाणत्यांचा तोडगा.

उन्हाळ्यात सिलिंडरही बुचकळ्यात टाकतो. कार्बन डायऑक्साइड त्यात द्रवरूपात असतो आणि २० अंशांना त्याचा दाब सुमारे ५७ बार असतो. द्रवाचा थेंब शिल्लक असेपर्यंत दाब बदलत नाही, म्हणून काट्याकडे पाहून किती वायू उरला ते कळत नाही. तो वजनानेच कळतो. या वायूचे क्रांतिक तापमान ३१ अंश. विदर्भातच कशाला, पुण्यातही मे महिन्यातल्या दुपारी सिलिंडरात द्रव आणि वायू असा भेद उरलेला नसतो. क्रांतिक तापमानाची व्याख्या शिकवताना याहून जवळचे उदाहरण कोणते देणार? ३० किलोच्या सिलिंडरातून सोळा हजार लिटरच्या आसपास वायू मिळतो. मिनिटाला १२ लिटरने आर्क बावीस तास चालेल. आर्गॉन मात्र नुसता दाबलेला वायू असतो, त्याचा काटा उरलेला माल खरा सांगतो. सात घनमीटरच्या सिलिंडराला तेवढ्याच वेगाने दहा तासांच्या आत तळ लागतो.

कार्बन डायऑक्साइड रेग्युलेटरमधून बाहेर पडताना प्रसरण पावून इतका थंड होतो, की सतत कामात रेग्युलेटरवर दंव धरते आणि कधी आत कोरड्या बर्फाचे कण अडकून प्रवाह तुटक होतो. म्हणून त्याच्याआधी विजेचा हीटर बसवतात. हीटरची वायर निघून पडलेली आहे आणि दुपारनंतर जोडात जाळी पडते आहे, अशी तक्रार ऐकली तर दोन गोष्टी जोडून पाहा.

चांगला दिसणारा वाईट जोड

सर्वात धोक्याची चूक डोळ्याला दिसत नाही. बाकाच्या पाइपासाठी लावलेल्या बटणांवरच कोणी उसाच्या ट्रॉलीच्या ८ मिलिमीटर पट्टीवर काम केले, तर रेघ सुबक येते. पण जाड पट्टी उष्णता झपाट्याने ओढून नेते, तिचा पृष्ठभाग वितळत नाही आणि वरचा धातू त्यावर मेणासारखा नुसता बसतो. रंग मारला, की कोणाला कळणार? भरलेली ट्रॉली खड्ड्यात आदळते, त्या दिवशी कळते. अशा पट्टीला धार तासून, १.२ मिलिमीटरची तार लावून दोनशे अँपिअरच्या पुढे जायला हवे.

मुलांना दुकानात न्याल तेव्हा आर्ककडे उघड्या डोळ्यांनी कोणीही पाहणार नाही, याची जबाबदारी आपली. जंबुपार किरणांचा त्रास लगेच जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागते. दहा किंवा अकरा नंबरची काच हवी, साधा गॉगल चालत नाही. दारे उघडी हवीत, कारण फुटलेल्या वायूतला कार्बन मोनॉक्साइड विषारी आहे. आर्गॉन हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात किंवा टाकीत साचून ऑक्सिजन हटवतो, त्याला वासही नसतो.

आणि कारागिराला एक विनंती करा. पट्टीचे दोन तुकडे उलट्या टी अक्षरासारखे उभे-आडवे ठेवून एकाच बाजूने जोडायला सांगा. एक जोडी योग्य बटणांवर, दुसरी निम्म्या धारेवर. थंड झाल्यावर दोन्ही व्हाइसमध्ये धरून, जोडाचे मूळ उघडे पडेल अशा बेताने, हातोड्याने उभी पट्टी पाडायला लावा. पहिली वाकेल, फार ठोकली तर मधोमध फाटेल आणि फाटलेला भाग दाणेदार, चकचकीत दिसेल. दुसरी दोन घावांत सुटून येईल. तिच्या तळाशी बोट फिरवून पाहायला सांगा : जोडण्यापूर्वी ग्राइंडरने घासले होते त्याचे ओरखडे तिथे जसेच्या तसे असतील.